चाळिशीनंतरचा मित्र

पस्तिशी-चाळिशीतल्या एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला त्याच्या मित्रांची नावे विचारावीत. तो जी चार-पाच नावे सांगतो त्यांतील बहुतेक शाळेच्या बाकावरची, वसतिगृहाच्या खोलीतली किंवा फार तर पहिल्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतली असतात. त्यानंतर त्याच्या आयुष्यात माणसे आलीच नाहीत असे नव्हे. शेजारी आले, सहकारी आले, व्याही आले, मुलांच्या मित्रांचे आईबापही आले. लग्नपत्रिका वाटावयाची वेळ आली म्हणजे तीनशे नावांची यादी सहज होते. परंतु रात्री दहा वाजता ज्याच्याकडे निष्कारण जाऊन बसता येईल, असा माणूस त्या यादीत नव्याने दाखल झालेला नसतो. 'निष्कारण' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सकारण जाण्यासाठी नातेवाईक, ओळखीचे डॉक्टर आणि पतपेढीचे जामीनदार पुरेसे असतात.

मराठी भाषेत तर या अडचणीची नोंद संबोधनातच झालेली आहे. शाळेत दोन मुले भेटतात ती पहिल्या वाक्यापासून एकमेकांना 'अरे' म्हणतात. त्यासाठी त्यांना कोणाची अनुज्ञा लागत नाही. दोन प्रौढ माणसे मात्र 'अहो'ने सुरुवात करतात आणि वीस वर्षे शेजारी राहून, एकमेकांच्या घरची कार्ये पार पाडूनही पुष्कळदा 'अहो'वरच थांबतात. 'अहो'वरून 'अरे'वर केव्हा यावयाचे आणि आधी कोणी यावयाचे, याचा संकेत कोणी घालून दिलेला नाही. वयाने लहान असलेल्याने आधी येणे हा उद्धटपणा ठरतो, मोठ्याने येणे हा अधिकार गाजवणे ठरते, आणि समवयस्कांत आधी कोणीच येत नाही. मग 'जोशीबुवा', 'पाटीलसाहेब', 'कुलकर्णी सर' अशी मधल्या वाटेवरची ठाणी तयार होतात व मुक्काम तेथेच पडतो. अनोळखी माणसाला काका, मावशी, दादा, ताई करून घेण्याच्या मराठी माणसाच्या गुणाची नेहमी वाखाणणी होते, आणि तो गुण वाखाणण्यासारखा आहेही. पण नात्याचे नाव दिले की त्या नात्याची पायरीही ठरून जाते. काकांशी आदराने वागता येते, वहिनींशी मर्यादेने वागता येते. मैत्रीला लागणारी बरोबरी त्या चौकटीत बसत नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दहा भागांपैकी पूर्ण दोन भाग मैत्रीच्या विवेचनाला दिले आहेत. तेथे त्याने मिठाविषयीच्या एका म्हणीचा दाखला दिला आहे. तिचा आशय असा की, दोघांनी पुरेसे मीठ एकत्र खाल्ल्याखेरीज ते एकमेकांना ओळखू शकत नाहीत. मराठीतही मीठ आहे, पण ते धन्याचे आहे. ते खाऊन त्याला जागावयाचे असते. ग्रीकांचे मीठ दोन समानांच्या मधल्या ताटातले होते. एवढ्यावरून मराठी समाजाला मैत्री ठाऊक नव्हती असा निष्कर्ष काढणे अर्थातच आततायीपणाचे होईल. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात 'मैत्र' हा शब्द आहे, आणि तो सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. तथापि सर्वांसाठी मागितलेले मैत्र आणि तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहावयास आलेल्या एका माणसाशी होणारी मैत्री यांत अंतर पडतेच.

हा प्रश्न आता सरकारांच्या दारापर्यंत पोहोचला आहे. ब्रिटनने 2018 साली आणि जपानने 2021 साली एकाकीपणाचा विषय स्वतंत्रपणे एकेका मंत्र्याकडे सोपविला. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी 2023 च्या मे महिन्यात यावर एक सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मधील आपल्या अहवालात जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा ग्रासतो असे म्हटले. त्यात तेरा ते एकोणतीस या वयोगटातील तरुण ठळकपणे आढळले. या अहवालांचे मोल आहेच. पण त्यांचा एक अनिष्ट परिणामही होतो. एकाकीपणाला व्याधीचे रूप मिळाले की तिचा दोष रोग्याच्या प्रकृतीवर येतो. ज्याला मित्र नाहीत तो माणूस स्वतःला घुमा, माणूसघाणा किंवा भिडस्त समजू लागतो. वस्तुतः तोच माणूस सोळाव्या वर्षी घुमा नव्हता. मधल्या काळात त्याचा स्वभाव बदललेला नसून त्याची बसण्याची जागा बदललेली असते.

जागेचे हे माहात्म्य अमेरिकेतील तीन अभ्यासकांनी फार पूर्वी मोजून दाखविले आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने वेस्टगेट नावाची वसाहत बांधली होती. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांनी तेथील बिऱ्हाडांचा अभ्यास करून 1950 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बिऱ्हाडे वाटताना कोणी कोणाची निवड केलेली नव्हती. तरीही एकाच मजल्यावर अगदी लगतच्या दारातील माणसाला जवळचा स्नेही म्हणणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 41 निघाले. एक दार सोडून पलीकडे ते 22 वर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत अवघे 10. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावरही मित्र झाले, कारण वरची माणसे येता-जाता त्यांच्या दारावरूनच जात. म्हणजे मैत्री आधी पावलांची होती, मनांची मागाहून.

मुंबईच्या चाळीत ज्याचे आयुष्य गेले आहे त्याला या आकड्यांचे नवल वाटणार नाही. 1920 च्या दशकात मुंबई विकास खात्याने बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत 160 चौरस फुटांची एकेक खोली आणि सर्वांना मिळून शौचकूप, अशी रचना होती. त्या रचनेत गैरसोय भरपूर, खासगीपणा जवळजवळ नाही, आणि ओळख टाळण्याची सोयही नाही. चाळीच्या आठवणींत आज जो गोडवा ओतला जातो त्यातील बराचसा चाळ सोडून गेलेल्यांचा आहे. नळावरची भांडणे आणि आजारी माणसासह आठ जणांचा एका खोलीतला संसार यांचा विसर पडल्याखेरीज तो गोडवा येत नाही. म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा आनंदच मानावयास हवा. त्या माणसांना स्वतःचे दार, स्वतःचे न्हाणीघर मिळाले. मात्र उद्वाहनातून थेट आपल्या दाराशी उतरणाऱ्या माणसाचे पाऊल दुसऱ्याच्या दारावरून जात नाही, हेही तितकेच खरे. पूर्वी जे आपोआप घडत होते ते यापुढे कोणाला तरी मुद्दाम घडवावे लागेल. ते घडविण्याची सवय मात्र कोणालाच नाही.

जागेच्या जोडीला वेळ लागतो. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहावयास गेलेल्या प्रौढांची आणि महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पाहणी करून 2018 साली काही अंदाज मांडले. केवळ परिचयाचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हावयास सुमारे 50 तासांचा सहवास लागतो, चांगल्या मैत्रीस सुमारे 90 तास आणि जिवलग मैत्रीस 200 हून अधिक तास. असे आकडे तराजूत घालून घ्यावयाचे नसतात; पण ते डोळे उघडतात. एकमेकांविषयी बरे मत असलेली दोन कुटुंबे वर्षातून चार वेळा, दर वेळी दोन तास भेटली, तर पन्नास तास भरावयास सहा वर्षे जातात. दोनशेचा हिशेब पंचवीस वर्षांवर जातो. तोवर निवृत्ती आलेली असते.

हाच हिशेब लोकलच्या डब्यात मांडून पाहावा. कल्याणहून किंवा विरारहून ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात, ठरावीक दाराशी चढणारी माणसे रोज जाता-येता मिळून दोन तास एकत्र असतात. महिन्याचे बावीस दिवस धरले तरी साडेचार महिन्यांत दोनशे तास होतात. मुंबईच्या प्रौढ मध्यमवर्गाला जे नवे मित्र मिळाले ते पुष्कळ अंशी या डब्यांनी दिले. गुडघ्यांवर आडव्या ठेवलेल्या ब्रीफकेसवर पत्त्यांचा डाव मांडला गेला, टाळांच्या साथीने भजने झाली, दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरण बांधून पूजा झाली. चौथ्या सीटवर अर्धे अंग टेकवून बसलेल्या माणसाला कोणीतरी आपली पूर्ण जागा देऊन स्वतः उभे राहिले. पश्चिम रेल्वेने 1992 च्या मे महिन्यात केवळ महिलांसाठी संपूर्ण गाडी सोडली. पण महिलांचा डबा त्याआधीच एक स्वतंत्र संस्था झालेला होता. तेथे भाजी निवडली जाई, हळदीकुंकू होई, आणि दिवस गेलेल्या मैत्रिणीचे डोहाळजेवणही धावत्या गाडीत होई. सासर आणि कचेरी यांच्यामधला तो एक-दीड तास हाच अनेक स्त्रियांच्या दिवसातला असा भाग होता, की जेव्हा त्या कोणाच्या सूनबाईही नसत आणि कोणाच्या हाताखालच्याही नसत.

या गटांची दुसरी बाजू मुंबईकरांना चांगली ठाऊक आहे. गट जितका घट्ट तितका तो नव्या माणसाला अवघड. लांबच्या गाडीत चढून मधल्या स्थानकावर उतरू पाहणाऱ्याला टोमणे खावे लागतात, प्रसंगी उतरूही दिले जात नाही. मैत्रीने आतल्यांना जागा दिली की ती बाहेरच्यांची कमी होते. डब्यात तर ते अक्षरशः खरे आहे. तरीही मार्च 2020 मध्ये सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद झाली तेव्हा पुष्कळांच्या ध्यानात आले, की रोज भेटणाऱ्या या माणसाच्या घराचा पत्ता आपल्याला माहीत नाही. गाड्या पूर्ववत सुरू झाल्या, पण कोणाचे काम घरूनच होऊ लागले होते, कोणाच्या वेळा बदलल्या होत्या, कोणाची नोकरी गेली होती. कोणीही भांडण न करता कित्येक गट असे विरून गेले.

कचेरीत तर माणूस दिवसाचे आठ तास इतरांबरोबर घालवतो. मग मैत्री तेथे का होत नाही? हॉल यांच्याच पाहणीत याचे एक उत्तर आहे. नुसते एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीच्या खात्यावर फारसे जमा होत नाहीत. कामाची माणसे कामाचे बोलतात. शिवाय कचेरीत पदोन्नतीची यादी असते. कालपर्यंत ज्याच्या टेबलावर बसून डबा खाल्ला तो उद्या गोपनीय अहवाल लिहिणारा होतो, आणि दोघेही शहाणपणाने एक पाऊल मागे घेतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते. नव्या गावी पहिले वर्ष भाड्याची खोली, रेशनकार्ड आणि मुलांची शाळा यांत जाते, आणि माणसे ओळखीची होऊ लागतात तोच पुन्हा बदलीची चर्चा सुरू होते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाची अवस्था याहून चमत्कारिक. तो एका महाविद्यालयात सकाळचे दोन तास घेतो, दुसऱ्या गावी दुपारचे दोन तास घेतो, आणि शिक्षकांच्या खोलीत त्याच्या नावाचा खण नसतो. ज्याची पुढच्या जूनमधील नेमणूक अनिश्चित आहे त्याच्यात मन गुंतवावयास इतर कचरतात, आणि तोही कचरतो. अस्थिर नोकरीचे मोजमाप पगारात होते, पण तिची ही किंमत कोणत्याच तक्त्यात येत नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे आणखी निराळे. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर दिवसाचे दहा तास, एकाच मेसमध्ये दोन वेळचे जेवण, खोलीत तिघे. दोनशे तास तर महिन्याभरात होतात. मैत्रीही होते, आणि ती अनेकदा शाळेतल्या मैत्रीपेक्षा सखोल होते, कारण तिच्यात भविष्याची भीती सामायिक असते. पण निकालाचा दिवस येतो. एक जण अधिकारी होऊन दूरच्या जिल्ह्यात जातो, दुसरा त्याच खुर्चीवर आणखी एक वर्ष बसतो. त्यानंतर पहिल्याने केलेला फोन दुसऱ्याला दयेचा वाटतो व न केलेला फोन गर्वाचा. यात दोघांपैकी कोणाचाही अपराध नसतो.

स्त्रियांच्या वाट्याला या सर्वांच्या आधी एक तुटणे येते. लग्न झाले की गाव सुटते, आडनाव बदलते, पुष्कळ घरांत पूर्वी नावही बदलत असे. जुन्या मैत्रिणीला शोधावयाचे म्हटले तरी कोणत्या नावाने शोधावे हा प्रश्न पडे. नव्या गावात ती आधी 'अमक्याची बायको' म्हणून आणि नंतर 'तमक्याची आई' म्हणून ओळखली जाते. शाळेच्या फाटकाशी रोज उभ्या राहणाऱ्या दोन आया एकमेकींच्या मुलांची नावे, त्यांचे गुण, त्यांची दुखणी सारे जाणतात. एकमेकींचे पहिले नाव मात्र वर्ष-वर्ष विचारीत नाहीत. भिशीने ही कोंडी बऱ्याच प्रमाणात फोडली. भिशीत पैसे असल्यामुळे जाणे भाग असते, आणि घरच्यांनाही ते पटवून देता येते. 'मैत्रिणींकडे गप्पा मारायला जाते' हे कारण ज्या घरात चालत नाही तेथे 'आज भिशी आहे' हे चालते. सबब पैशाची आणि लाभ संगतीचा, असा हा व्यवहार आहे.

पुरुषाच्या मैत्रीचाही एक खर्च घरातल्या बाईच्या नावे पडतो, याचा उल्लेख क्वचितच होतो. मराठी घरात पाहुणा म्हणजे चहा, चहाबरोबर पोहे, पोह्यांच्या आधी आवराआवर. नवऱ्याचा नवा मित्र रविवारी सकाळी यावयाचा असला की बायकोचा रविवार गेला. मग ती नाराज होते आणि तो 'घरी कशाला, बाहेरच भेटू' म्हणतो. बाहेर भेटावयाचे तरी कोठे? इराण्याच्या हॉटेलात एका चहावर तासभर बसता येई. ती हॉटेले मुंबईत आता मोजकीच उरली. इतर ठिकाणी गर्दीच्या वेळी चहा संपताच वेटर फडके घेऊन उभा राहतो. नव्या पद्धतीच्या कॉफीगृहात बसू देतात, पण तेथील दोन कप कॉफीचे पैसे हा कारकुनाच्या रोजच्या हिशेबात बसणारा आकडा नव्हे.

याहून अवघड एक भिंत आहे, आणि तिच्याविषयी सुशिक्षित माणसे कमी बोलतात. मैत्रीला एकत्र जेवावे लागते, एकमेकांच्या घरात स्वयंपाकघरापर्यंत जावे लागते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अठरा-वीस दिवस रोज एकत्र चालणे, एकमेकांना 'माऊली' म्हणून वाकून नमस्कार करणे, यापेक्षा अनोळखी प्रौढांना जवळ आणणारी दुसरी योजना शोधून सापडणार नाही. दोनशे तास तर वारीत सहजच होतात. पण इरावती कर्वे यांनी दिंडीबरोबर केलेल्या वाटचालीवर जो लेख लिहिला, त्यात एकाच दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा बाया स्वयंपाक व जेवण निरनिराळे करीत याची सल त्यांनी नोंदविली आहे. वाट एक, अभंग एक, चूल निराळी. त्या काळापेक्षा आज पुष्कळ बदलले आहे. परंतु घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, आणि शेजार कोणाचा मिळणार हे त्या उत्तरावर ठरते. वेस्टगेटमधील बिऱ्हाडे चिठ्ठीने मिळावीत तशी मिळाली होती, म्हणून तेथे लगतचे दार कोणाचेही असू शकले. जेथे शेजार आधीच जातीने व आहाराने निवडलेला असतो तेथे नवा मित्रही निवडलेल्यांतूनच येतो. शाळेच्या बाकावर हजेरीपटाने ज्याच्याशेजारी बसविले त्याच्याशी मैत्री झाली. प्रौढपणी असा हजेरीपट कोणी लावीत नाही.

अलीकडे दहावीच्या तुकड्यांचे स्नेहमेळावे जोरात भरतात. भ्रमणध्वनीवर गट तयार होतात, तीस-तीस वर्षांनी माणसे भेटतात, पुन्हा 'अरे-तुरे' सुरू होते. त्यातील आनंद खरा असतो. पण जुने मित्र परत मिळणे आणि नवा मित्र होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या गटात सकाळी सुविचार येतात, वाढदिवसाला फुलांची चित्रे येतात. पन्नास तास त्यांनी भरत नाहीत.

नव्या मैत्रीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा धोंडा बहुधा एका सौजन्यपूर्ण वाक्याचा आहे: 'या एकदा घरी.' हे वाक्य बोलणाऱ्याला बरे वाटते, ऐकणाऱ्याला बरे वाटते, आणि त्यात वार नसल्यामुळे कोणी येत नाही. 'शनिवारी साडेपाचला बागेच्या फाटकाशी येतो, तुम्ही याल का?' हे म्हणणे त्या मानाने उघडे पडण्यासारखे आहे. त्यात नकाराची शक्यता आहे. पोरवयात नकाराची लाज दुसऱ्या दिवशी विसरली जाते. प्रतिष्ठा मिळविलेल्या माणसाला ती वर्षभर टोचते, आणि म्हणून तो विचारीत नाही. 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका बागेत पाच माणसांना घेऊन हास्यमंडळ सुरू केले. थोड्याच दिवसांत विनोद संपले. तेव्हा त्यांनी विनोदाशिवायच हसण्याची पद्धत काढली. अशी मंडळे पुढे गावोगाव निघाली. कृत्रिम हसण्याने प्रकृतीला किती गुण येतो याचा वाद वैद्यांनी करावा. त्या मंडळांनी साधले ते वेगळेच: रोजची वेळ ठरली, जागा ठरली, आमंत्रणाची गरज उरली नाही, आणि सगळेच एकदम हास्यास्पद झाल्यामुळे प्रतिष्ठेची अडचण पहिल्या पाच मिनिटांत संपली. निवृत्तांना त्याचा लाभ झाला. कचेरीला जाणाऱ्यांना मात्र सकाळी सात ही वेळ डबा भरण्याची असते.

तेव्हा संध्याकाळी उघडी असणारी, फुकट किंवा नाममात्र वर्गणीची, बसू देणारी आणि आडनाव न विचारणारी जागा कोणती, हा प्रश्न राहतो. गृहनिर्माण संस्थांची सभागृहे आहेत. ती बारशी आणि साखरपुडे यांसाठी भाड्याने दिली जातात, व उरलेल्या दिवशी त्यांना कुलूप असते. ते कुलूप आठवड्यातून दोन संध्याकाळी काढावयास कोणताही कायदा आड येत नाही. सर्वसाधारण सभेतला एक ठराव पुरतो. आणि महाराष्ट्रात वाचनालये आहेत. रत्नागिरीचे 1828 पासून, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर तर ती खेडोपाडी निघाली. तेथे टेबल असते, पंखा असतो, वर्तमानपत्र असते, आणि त्याच वेळी येणारा दुसरा माणूस तेच पान संपण्याची वाट पाहत समोर बसलेला असतो. बोलणे सुरू करावयास याहून चांगली सबब मिळणे कठीण. परंतु अपुऱ्या अनुदानावर आणि त्याहून अपुऱ्या वेतनावर चालणारी ही वाचनालये रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवणार कोण? कितीतरी गावांत नोकरदार माणूस संध्याकाळच्या गाडीतून उतरून तेथवर पोहोचतो, तेव्हा वाचनालयाचा शिपाई खिडक्या लावून घेत असतो.